मालिश: हात चालवायचा कुठं, थांबवायचा कुठं

भाकरी थापता थापता ऐकत असाल, वेचणीला निघायच्या आधी दोन मिनिटं टेकला असाल, तर तशाच ऐका. आज आम्ही ज्या कामाबद्दल बोलणार आहोत, त्याला धड नावसुद्धा नाही. कोणी मालिशवाली म्हणतं, कोणी न्हाऊ घालणारी बाई, तर म्हाताऱ्या बाया अजूनही सुईणच म्हणतात. पारोळा, अमळनेर, इकडे शिंदखेडा, साक्री, कुठल्याही गावात विचारा. घर लगेच दाखवतील. पण त्या बाईला रोजगार काय म्हणून विचारलं तर ती स्वतःच म्हणेल, "काही नाही, घरीच असते."

आम्ही या कामातल्याच बाया. कोणी सासूकडून शिकलो, कोणी आईकडून, कोणी गटाच्या शिबिरात पहिल्यांदा तेलात हात घातला. आमच्यातल्या काही जणी फक्त बाळ-बाळंतीण करतात. काही जणी वेचणीच्या दिवसांत कंबर धरलेल्या, केळीचे घड वाहून मान आखडलेल्या बायांना तेल लावतात. संध्याकाळी दारात कोणी तरी उभी असतेच: "आंग दुखस वं माय, जरा तेल चोयी दे." शिबिरात काय शिकलो, त्यातून काय बदललं आणि ज्या मुलींना हे काम शिकायचं आहे त्यांनी काय पाहावं, ते सांगतो.

आधी थोडं मागचं. पूर्वी सुईण बाळंतपणही करायची आणि पुढचा सव्वा महिना मालिशही. हे काम ठरावीक जातींच्या बायांकडे असायचं. बाळंतिणीचा विटाळ मानला जायचा, तो काढणाऱ्या हाताचाही मानला जायचा. ज्या हातानं बाळ जगात आणलं त्या हाताला चहा मात्र वेगळ्या कपात. हे आम्ही कोणाला टोचायला सांगत नाही. पण या कामाला मोल का मिळालं नाही, याचं अर्धं उत्तर त्या कपात आहे.

मग २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, गाडी आली. बाळंतपणं दवाखान्यात गेली, आणि ते चांगलंच झालं, कारण घरी माय किंवा लेकरू गेल्याची गोष्ट प्रत्येक गावात होती. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. सुईणीचं एक काम संपलं, मालिश मात्र राहिलं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा आमच्या कामाचा आहे. राज्यातली २५.४ टक्के बाळंतपणं पोट चिरून झालेली. म्हणजे चार बाळंतिणींत एकीच्या पोटाला टाके. आईनं आणि सासूनं शिकवलेलं मालिश मोकळ्या झालेल्या बाईचं होतं, टाके असलेल्या बाईचं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणून या कामाला आता शिक्षण लागतं. हात जन्मजात चांगला असला तरी लागतं.

शिबिरात आम्हाला वाटलं होतं की पहिल्या दिवशी तेल हातात देतील. तसं काही झालं नाही. पहिला दिवस गेला नखं कापण्यात, बांगड्या-अंगठ्या काढण्यात आणि कोपरापर्यंत साबणानं हात धुण्यात. मग समोर वजनकाटा ठेवला. त्यावर तळहात टेकवून दाब द्यायचा आणि काट्याकडे पाहायचं. किती दाबतो ते डोळ्यांना दिसलं की हाताला कळतं. बाळाला लागणारा हात, म्हातारीला लागणारा हात आणि दिवसभर निंदणी करून आलेल्या तिशीतल्या बाईला लागणारा हात, हे तीन वेगळे हात आहेत. एकमेकींच्या पाठीवर सराव केला. जिची पाठ ती डोळे मिटून सांगायची, इथं जास्त, इथं कमी. यासारखं शिक्षण नाही.

हात फिरवायच्या रीती तुम्हालाही माहीत आहेत, फक्त त्यांना कोणी रीती म्हटलेलं नाही. लांब हात फिरवणं, कणीक मळतो तसं मांस मळणं, अंगठ्यानं दाबणं, थोपटणं. सुरुवात आणि शेवट लांब हातानंच करायचा. हाता-पायांवर जोर देताना बोटांकडून वर, काळजाच्या दिशेनं. ज्या गोष्टीकडे जुन्या बायांनी लक्षच दिलं नाही ती म्हणजे मालिश करणारीचं स्वतःचं अंग. पन्नाशीत आमच्या कामातल्या कितीतरी बायांचे अंगठे वाकलेले दिसतात, कंबर गेलेली असते. जोर बोटांतून काढायचा नाही. जात्यावर दळताना जसा अंगाचा झोक देतो तसा द्यायचा, आणि अंगठ्याऐवजी तळहाताची टाच वापरायची. खाली वाकून करण्यापेक्षा बाजेवर किंवा टेबलावर झोपवलं तर बरं. आपली कंबर मोडून दुसऱ्याची सरळ करण्यात काय शहाणपण?

तेलाचं फार माजवू नका. तीळ, खोबरेल, घाण्याचं शेंगदाणा तेल, जे घरात शुद्ध आहे ते चालतं. मोहरीचं तेल काही बाळांच्या कातडीला झोंबतं, ते टाळा. कोणतंही नवं तेल आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. लाल झालं, पुरळ आलं तर ते तेल त्या माणसाचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो. तेव्हा तेल कमी, सकाळी लवकर, आणि नंतर नीट पुसून काढायचं, नाहीतर लेकराला घामोळं येतं. माघाच्या थंडीत उलट. आधी खोली उबदार, मग कपडे काढायचे.

आता बाळाचं. शिबिराचे अर्धे दिवस यात गेले, कारण लाडाच्या नावाखाली सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. बाळाच्या नाकात, कानात तेल सोडायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि बाळ आजारी पडतं. टाळू भरायची म्हणून जोर द्यायचा नाही. टाळू तेलानं भरत नाही, पुढची टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत आपोआप भरते. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटीत धरायचं नाही. आईबापाचं जसं नाक तसं लेकराचं येणार. छाती पिळून दूध काढायचं तर अजिबात नाही. नव्या बाळाची छाती थोडी सुजलेली असते, आईच्या अंगातल्या रसांमुळे, मुलगा असो की मुलगी. काही आठवड्यांत उतरते. पिळली की आत पू होतो. पाय धरून उलटं झुलवणं, हात-पाय ओढून मोडून काढणं, हे सगळं बंद. नाळेला तेल, हळद, राख काही लावायचं नाही. कोरडी ठेवली की ती गळून पडते. आणि बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी, वर ओव्याची धुरी, दार-खिडकी लावलेली, हे माय-लेकरू दोघांच्या जिवावर येऊ शकतं. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीला फडकं गुंडाळून द्या.

यावर म्हाताऱ्या बाया म्हणतात, "आम्ही चार-चार पोरं अशीच वाढवली." आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. त्यांना म्हणतो, मालिश बंद करा असं कोण म्हणतंय? मालिश चांगलंच आहे. अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड नावाच्या बाईंनी १९८६ साली दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हे करून पाहिलं. दहा दिवस, रोज तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं अंगावरून हात फिरवला, हातपाय हलवले. दूध तेवढंच पाजून त्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं. म्हणजे आपल्या आज्यांचं मूळ खरंच होतं. फक्त ती बाळं डॉक्टरांच्या नजरेखाली होती आणि कोणी त्यांना उलटं टांगलं नव्हतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दवाखान्यातून सांगतील तेव्हाच अंघोळ आणि मालिश. तोवर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, तेच त्याचं औषध. धडधाकट बाळालाही दूध पाजल्यावर लगेच नाही, तासाभरानं, आणि दहा-पंधरा मिनिटं पुरे. बाळ रडायला लागलं, अंग ताठ केलं, तोंड फिरवलं, की त्याला बस झालं. रडलं की रग जिरते, हाडं मजबूत होतात, हे कोणी सांगितलं कोण जाणे.

बाळंतिणीचं. टाके असतील तर पोटाला हात नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. डोकं, खांदे, पाठ, पाय, तेही विचारून. आणि ही एक गोष्ट आज लिहून ठेवा. बाळंतीण म्हणाली की एकाच पायाची पोटरी दुखते, तो पाय सुजलाय, गरम लागतो, तर तो पाय चोळायचा नाही. त्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली तर बाई हातची जाते. घरचे म्हणतील, "पाय दुखतो म्हणूनच तर तुला बोलावलं." तरी नाही. तेलाची वाटी झाकायची आणि गाडी बोलवायची.

हे फक्त बाळंतिणीचं नाही. ताप असेल, कातडीवर नायटा-खरूज असेल, ताजी जखम, ताजं मोडलेलं हाड, पायावर शिरांच्या फुगलेल्या गाठी, तर तिथं हात थांबतो. गरोदर बाईचं पोट चोळून बाळ सरळ करत नाहीत. छातीत दुखून कळ डाव्या हातात उतरत असेल तर ती वायूची कळ समजून चोळत बसायचं नाही. कंबर दुखते आणि लघवी कळत नाही, पाय बधिर झाले, असं कोणी सांगितलं तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत गाठ लागली तर ती दाबून विरघळत नाही, दाखवायलाच जायचं. हे डॉक्टरी खूळ आहे असं कोणाला वाटेल. पण आपल्या आयुर्वेदात वाग्भटानं अष्टांगहृदयात रोज तेल लावायला सांगितलं, डोकं, कान आणि तळपायांना विशेष करून, आणि तिथंच हेही सांगितलं की कफ झालेल्यानं, अजीर्ण झालेल्यानं तेल लावू नये. कधी नको, हे सांगितल्याशिवाय त्यानंही पुढचं पान लिहिलं नाही.

आमच्या लक्षात आलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टर बाळाला पाच मिनिटं पाहतात. आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा वेळा येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मालिशवाली रोज येते. आणि लेकरू रोज उघडं, उजेडात, तिच्या पायांवर असतं. त्याचे तळवे पिवळे पडले, श्वास भराभर चालू आहे, अंग थंड लागतं, काल ओढत होतं तसं आज दूध ओढत नाही, नाळेतून पू येतो, झटका आला, हे सगळ्यात आधी तिला दिसतं. बाळंतिणीचं जास्त जाणारं अंगावरचं, घाण वास, ताप, दगडासारखी लाल छाती, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, हेही तिलाच आधी कळतं. म्हणून आम्ही आशाताईंचा नंबर तेलाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवला आहे.

आणखी एक दिसतं, ते बोलायला जड जातं. पाठीवरचे वळ. दार लावलेलं असतं, सासू बाहेर असते, हात अंगावरून फिरत असतो, मग बाई बोलते. कधी बोलत नाही, नुसती रडते. दिवसेंदिवस लेकराकडे पाहतच नाही, जगावंसं वाटत नाही म्हणते. आम्ही ठरवलं आहे की तिथं उपदेश करायचा नाही, "सहन कर" तर मुळीच म्हणायचं नाही. ऐकून घ्यायचं, गावात त्याची चर्चा करायची नाही आणि १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर तिला तोंडपाठ करून द्यायचा. जीव धोक्यात असेल तर ११२. मनानं खचलेली असेल तर आशाताईंच्या कानावर घालायचं, तिलाही दवाखान्यात औषध आहे.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय हे बोलणं पुरं होत नाही. रीत अशी की सव्वा महिना काम करायचं आणि शेवटी घरचे खुशीनं देतील ते घ्यायचं. खुशी कशावर ठरते? मुलगा झाला तर लुगडं, वर पायलीभर धान्य. मुलगी झाली तर खण-नारळ. तेल तेवढंच, हात तेवढाच, दिवस तेवढेच. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२, राज्यात ८९४, आणि धुळे राज्याच्या बरोबरीला आलं होतं एवढंच. त्या आकड्याच्या मुळाशी जे आहे तेच आमच्या ओटीत पडणाऱ्या लुगड्यात आणि खणात आहे. म्हणून आमच्या गटानं पहिला नियम केला: दर आधी ठरवायचा, आणि मुलगा-मुलगी दर एकच. मुलीच्या घरी काही जणींनी तोंड वाकडं केलं, मुलाच्या घरी काही जणींनी वरून जास्त दिलं. वरचं आम्ही घेतो. पण दर तोच राहतो.

दर कसा काढायचा? समजा माय आणि लेकरू मिळून दीड तास, जाण्यायेण्याला अर्धा तास. दोन तास झाले. शेतात आठ तासांच्या निंदणीला तुमच्या गावात जी मजुरी आहे तिचा पाव भाग, हे अगदी तळचं माप. त्याखाली काम करायचं म्हणजे निंदणीपेक्षा मालिश हलकं असं आपणच मान्य करणं. शिकलेल्या हाताचं मोल त्यावर, आणि तेल आपलं असेल तर तेही त्यावर. पैसे आठवड्याला घ्यायचे, सव्वा महिना थांबायचं नाही. गरिबाघरी सूट द्यायची असेल तर द्या, पण ती सूट आहे हे बोलून द्या.

कागदाचंही सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. त्यात १८ कारागिरींची यादी आहे, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, परीट. न्हावीकामही त्यात आहे. मालिश नाही. म्हणजे नवऱ्याच्या वस्तऱ्याला योजना आहे, बायकोच्या हाताला नाही. ई-श्रम कार्डाला मात्र १६ ते ५९ वयाची कोणतीही असंघटित कामगार बाई नोंद करू शकते. तिथं "घरकाम" लिहून मोकळ्या होऊ नका, आपलं काम सांगा. आपण नोंदवलंच नाही तर उद्या यादी वाढवताना कोण कशाच्या जोरावर मागणार?

ज्या मुलींना याच कामात पुढं जायचं आहे त्यांच्यासाठी वाटा आहेत. आयुर्वेदाच्या दवाखान्यांत पंचकर्म होतं, तिथं बायकांना तेल लावायला बाईच लागते. ब्युटी पार्लरसोबत मालिश शिकवतात. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत प्रशिक्षण असतं, राहणं-जेवणासकट, तिथं कोणता वर्ग कधी आहे ते जाऊन विचारा. खाजगी ठिकाणी पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराच: प्रमाणपत्र कोणाचं, शिक्षण कितवीपर्यंत लागतं, प्रत्यक्ष हातानं काम किती दिवस, आणि शिकवणारी व्यक्ती कोण. पंधरा दिवसांत "थेरपिस्ट डॉक्टर" करून देतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. फिजिओथेरपीला बारावीनंतर चार-पाच वर्षं जातात, वैद्याला साडेपाच. आपण मालिश करणाऱ्या आहोत, तेवढंच सांगायचं आणि ताठ मानेनं सांगायचं. हाड बसवतो, नस मोकळी करतो, असं पाटीवर लिहायचं नाही.

आणि सुरत, नाशिक, पुण्याच्या स्पामध्ये नोकरी आहे म्हणून कोणी घरी आलं तर मुलीला एकटीला पाठवू नका. पत्ता घ्या, मालकाचं नाव घ्या, गटातल्या दोघी जणी जाऊन जागा पाहून या. आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला मूळचा मागितला तर देऊ नका, झेरॉक्स द्या. चांगली ठिकाणंही आहेत, पण मालिश या शब्दाआड वाईट धंदे चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचा डाग आपल्याला लागतो. गावातही आमचे नियम आहेत. आम्ही बायका आणि लहान लेकरांनाच मालिश करतो. नवख्या घरी पहिल्या दिवशी दोघी जातो, अंधार पडल्यावर जात नाही. कामाच्या जागी कोणी वाकडं वागलं तर जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते, २०१३ च्या कायद्यानं घरोघरी काम करणाऱ्या बाईलाही तिथं जाता येतं.

पोळा झाला की पावसाची कामं थोडी सरतात, तेव्हा आमच्या गटात नव्या बायांसाठी पुन्हा वर्ग भरेल. सासू-सून दोघी आलात तर फारच चांगलं, घरी गेल्यावर वाद होत नाही. येताना एक जुनी चादर आणा, जेवणाचा डबा आणा, आणि नखं घरूनच कापून या.